उत्तरेकडून दक्षिणेकडे : व्हिएतनामचा प्रवास आखताना

व्हिएतनामला जायचे ठरले की पहिल्यांदा हातात पडते ते सहलीचे पत्रक. हनोईत दोन रात्री, हा लाँगच्या खाडीत बोटीवर एक रात्र, दा नांगला दोन, हो ची मिन्ह सिटीत दोन, शेवटच्या दिवशी खरेदीला मोकळा वेळ. मुखपृष्ठावर दोन अजस्र हातांनी तोलून धरलेला सोनेरी पूल. हा पूल दा नांगजवळच्या बा ना टेकड्यांवर २०१८ साली खुला झाला आणि ते हात दगडाचे वाटले तरी फायबरग्लासचे आहेत. तिथून गाडीने दीड-दोन तासांवर मी सन आहे. चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत तिथे शंकराची देवळे बांधली जात होती, संस्कृतात शिलालेख कोरले जात होते. पत्रकात मी सनचे नाव असलेच तर तळाशी बारीक अक्षरांत, ‘जादा पैसे भरून’ या यादीत.

पूल पाहू नये असे नाही. पण एखाद्या देशाची संस्कृती, इतिहास आणि खाणे यांसाठी घराबाहेर पडणाऱ्याने प्रवास त्या देशाच्या घडणीवरून आखावा. व्हिएतनामच्या बाबतीत तर घडण नकाशावरच उमटलेली आहे. उत्तर-दक्षिण सुमारे १६५० किलोमीटर लांब आणि सर्वांत अरुंद जागी जेमतेम ५० किलोमीटर रुंद असा हा देश. तो असा लांबोडका जन्माला आला नाही. इसवी सन ९३८ मध्ये चिनी सत्तेतून मोकळे झालेले राज्य फक्त उत्तरेत, तांबड्या नदीच्या खोऱ्यात होते. मधल्या किनाऱ्यावर चाम लोकांची चंपा राज्ये होती आणि दक्षिणेला मेकाँगच्या मुखाशी ख्मेर वस्ती होती. १४७१ साली ले थान्ह तोंग या राजाने चंपाची राजधानी विजया जिंकली. १६९८ साली सायगॉनच्या, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीच्या, परिसरात व्हिएतनामी कारभार बसला. चंपाचा उरलासुरला तुकडा १८३२ साली खालसा झाला. हा देश शतकानुशतके दक्षिणेकडे सरकत वाढला, म्हणून प्रवासही त्याच दिशेने करावा हे माझे सांगणे. हनोईत उतरावे आणि हो ची मिन्ह सिटीतून परतावे. मुंबईहून या दोन्ही शहरांना थेट विमाने आहेत, त्यामुळे आल्या वाटेने मागे फिरण्यात दिवस फुकट जात नाही. असे गेले की राजवटींचा क्रम आपोआप लागतो आणि ताटातही फरक पडत जातो. उत्तरेत चव सौम्य, मध्यभागी तिखट आणि दक्षिणेत गोडसर, नारळाच्या दुधाची.

आता हवामानाचे पाहू, कारण लांब देशाला एक ऋतू नसतो. नोव्हेंबर ते मार्च उत्तरेत थंडी असते. हनोईत जानेवारीत स्वेटर लागतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसदिवस झिमझिम चालते. मधल्या पट्ट्यात मुख्य पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या गल्ल्यांत पुराचे पाणी शिरणे नेहमीचेच. दक्षिणेत मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर पावसाळा, डिसेंबर ते एप्रिल कोरडे. तिन्ही भाग एका फेरीत करायचे तर मार्च-एप्रिलच्या आसपासचे आठवडे सर्वांत सोयीचे. आपली दिवाळीची सुट्टी मात्र नेमकी मध्य व्हिएतनामच्या पावसात येते. दिवाळीतच निघायचे असेल तर उत्तर नीट पाहावी आणि मधला भाग दुसऱ्या खेपेला ठेवावा.

दुसरी अडचण तेतची. तेत म्हणजे चांद्र नववर्ष. ते जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येते. सारा देश गावी जातो. आगगाड्यांची तिकिटे आधीच संपतात आणि खानावळींना कुलपे लागतात. तेतच्या आधीचा आठवडा मात्र पाहण्यासारखा असतो. हनोईत पीचच्या गुलाबी फुलांच्या फांद्या आणि दक्षिणेत पिवळ्या माई फुलांची झाडे दुचाकीवर बांधून घरोघर जातात, आणि घरात चिकट तांदूळ, मूगडाळ व डुकराचे मांस पानात गुंडाळून बान्ह चुंग रात्रभर शिजत असतो. हे पाहायचे असेल तर तेतच्या दोन दिवस आधीपर्यंत राहावे आणि मग निघावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून त्याची मुदत ९० दिवसांपर्यंत वाढली असून एकदाच प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा. तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांचा सुळसुळाट आहे. पासपोर्टावर नाव जसे छापले आहे तसेच, वडिलांच्या नावासह, अक्षर न चुकवता भरावे. भाड्याची मोटरसायकल घेऊन डोंगरात जाण्याची हौस असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना १९४९ च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारात आहे. म्हणजे तो परवाना तिथे चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. हा झांगसारख्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात स्थानिक चालकाच्या मागे बसून जाण्याची उत्तम सोय आहे; तीच घ्यावी.

डाँगच्या नोटा हातात आल्या की शून्ये मोजताना गोंधळ होतो. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग हा हिशेब पक्का करून टाकावा. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळ्या आहेत आणि रात्रीच्या उजेडात त्यांची अदलाबदल सहज होते, म्हणून पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. नोटांच्या मागची चित्रेही पाहावीत. वीस हजारांवर होई आनचा जपानी पूल, पन्नास हजारांवर ह्वे शहराचे दृश्य, एक लाखावर हनोईचे साहित्य मंदिर आणि दोन लाखांवर हा लाँगचे खडक. देशाने स्वतःबद्दल काय दाखवायचे ठरवले आहे ते या पाकिटातच असते.

हनोईत किमान तीन पूर्ण दिवस हवेत. शहराची सुरुवात साहित्य मंदिरापासून करावी. राजा ली थाय तो याने १०१० साली राजधानी इथे आणली आणि १०७० साली कन्फ्युशियसचे हे मंदिर उभे राहिले. सहा वर्षांनी तिथे राजविद्यालय सुरू झाले. आत दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलापट्ट उभे आहेत. १४४२ ते १७७९ या काळातल्या राजपरीक्षांत सर्वोच्च पदवी मिळवणाऱ्यांची नावे आणि गावे त्यांवर चिनी अक्षरांत कोरलेली आहेत. सेनापतींचे पुतळे जगभर असतात. परीक्षा पास झालेल्यांची नावे तीन शतकांहून अधिक काळ दगडात कोरत राहणारा समाज कसा असेल, याचा विचार त्या कासवांच्या रांगेसमोर उभे राहून करावा. आजही परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी तिथे गर्दी करतात. ते हात लावून लावून कासवांची डोकी झिजवत, म्हणून आता मध्ये कठडा आहे.

आज मात्र ते विद्यार्थी त्या पट्टांवरची अक्षरे वाचू शकत नाहीत. व्हिएतनामी भाषा आता रोमन लिपीत लिहितात. पोर्तुगीज आणि इतर जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकात ती लिपी बसवली आणि अलेक्झांडर द ऱ्होद याने १६५१ साली रोममध्ये त्या लिपीतला शब्दकोश छापला. व्हिएतनामला पोचण्याआधी हा पाद्री गोव्यात राहिला होता. त्याच जेझुइट संघाच्या थॉमस स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले होते. फ्रेंच राजवटीत आणि नंतर स्वातंत्र्याच्या चळवळीत साक्षरतेसाठी हीच लिपी रुजली.

हो ची मिन्ह यांची समाधी सकाळीच उघडी असते, सोमवारी व शुक्रवारी बंद, आणि दरवर्षी काही आठवडे देखभालीसाठी पूर्ण बंद. तारखा आधी पाहून घ्याव्यात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, रांगेत बोलायचे नाही. आपल्या देहाचे दहन करावे असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. ते २ सप्टेंबर १९६९ रोजी गेले आणि देह जतन करून ठेवला गेला. मला समाधीपेक्षा मागच्या बागेतले त्यांचे लाकडी खांबांवरचे दोन खोल्यांचे घर अधिक बोलके वाटते. समोरच्या बा दिन्ह मैदानावर त्यांनी २ सप्टेंबर १९४५ रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली होती. शहराच्या मध्यापासून दूर असलेल्या वांशिक संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखावा. देशात ५४ वांशिक समूह आहेत. त्यांपैकी काहींची घरे त्या आवारात उभी करून ठेवली आहेत.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेला हरवण्याची प्रेरणा व्हिएतनामला शिवचरित्रातून मिळाली, त्यांचे नेते रायगडाची माती घेऊन गेले, असा मजकूर मराठी घरांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. महाराजांच्या जागी महाराणा प्रतापांचे नाव घालूनही तोच मजकूर दुसरीकडे फिरतो. त्याला आधार देणारे एकही अस्सल साधन कोणी पुढे ठेवलेले नाही. शिवाजी महाराजांचे मोठेपण अशा कथांवर अवलंबून नाही, आणि व्हिएतनामी लोकांना उसन्या नायकांची गरज नाही. चिनी सत्तेविरुद्ध इसवी सन ४० मध्ये उठलेल्या त्रुंग भगिनी, ९३८ मध्ये बाक डांग नदीच्या मुखात लोखंडी टोकांचे खांब रोवून भरती-ओहोटीच्या हिशेबाने शत्रूची जहाजे अडकवणारा न्गो क्वेन, साडेतीनशे वर्षांनी १२८८ मध्ये त्याच नदीत तीच युक्ती मंगोल आरमारावर वापरणारा त्रान हुंग दाओ, मिंग चिन्यांना दहा वर्षे झुंजून घालवणारा ले लोई, आणि १७८९ च्या तेतमध्ये अचानक चालून जाऊन छिंग फौज उधळणारा क्वांग त्रुंग. प्रत्येक शहरात हमरस्त्यांना हीच नावे आहेत. हॉटेलचा पत्ता वाचताना ती ओळखता आली की प्रवास वेगळाच होतो. जाण्यापूर्वी या पाच नावांची तोंडओळख करून घ्यावी.

हनोईतल्या सकाळी फोच्या. पदपथावर वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुले, आणि आत एका मोठ्या पातेल्यात रात्रीपासून हाडे उकळत असतात. आले आणि कांदा आधी निखाऱ्यावर भाजून काळे करून घातलेले असतात. शिवाय दालचिनी आणि चक्रीफूल. चक्रीफूल चीनच्या सीमेवरच्या लांग सन प्रांतात पिकते आणि व्हिएतनामच्या चक्रीफुलाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक भारत आहे. आपल्या मसाल्याच्या डब्यातलेही बहुधा तिथलेच. मालकीण तांदळाच्या चपट्या शेवया गाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवते, वाडग्यात टाकते, वर मांसाचे काप, कांद्याची पात, आणि त्यावर कढत रस्सा. हनोईत एवढेच. मेजावर लिंबू, मिरची आणि लसूण घातलेले व्हिनेगर असते. ते रश्शाची चव घेतल्यावर घालायचे, आधी नाही. फो बो म्हणजे गोमांसाचा, फो गा म्हणजे कोंबडीचा. गोमांस न खाणाऱ्यांनी गा म्हणावे आणि शक्यतो फक्त कोंबडीचा फो करणारे दुकान शोधावे, म्हणजे पातेलेही वेगळे असते.

हाच वाडगा सायगॉनमध्ये पुन्हा मागवून पाहावा. तिथे रस्सा गोडसर लागतो, शेजारी तुळशीच्या जातीच्या आणि लांब करवती पानांची परडी, मोडाचे मूग, गोड काळपट सॉस आणि तिखट सॉस. या फरकामागे इतिहास आहे. १९५४ मध्ये जिनिव्हा करारानुसार देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा आठ-दहा लाख माणसे उत्तर सोडून दक्षिणेत गेली आणि त्यांच्याबरोबर उत्तरेचा हा पदार्थ तिथे घरोघर पसरला. दक्षिणेच्या सुपीक मळ्यांनी त्यावर आपला पाला घातला.

अंड्याच्या कॉफीचीही अशीच टंचाईतून झालेली गोष्ट आहे. १९४६ साली हनोईत दूध मिळेना, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान झांग यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून त्याचा फेस कॉफीवर घातला. त्यांच्या कुटुंबाचे कॅफे अजून चालते. कॉफी फ्रेंचांनी आणली, आणि आज व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल जगातला सर्वांत मोठा कॉफी उत्पादक आहे.

हा लाँगला जावे, पण एका रात्रीपेक्षा जास्त वेळ देऊ नये. चुनखडीचे डोंगर आणि पाणी यांसाठी मी निन्ह बिन्ह सुचवीन. तिथे चांग आनच्या गुहांतून होडीने जाता येते आणि जवळच होआ लू आहे, हनोईच्या आधीची, दहाव्या शतकातली राजधानी. निसर्ग आणि इतिहास तिथे एका दिवसात हाती लागतात.

हनोईहून ह्वेला, म्हणजे नकाशात ‘ह्यू’ दिसते त्या शहराला, रात्रीच्या आगगाडीने जावे. हनोई ते सायगॉन हा १७२६ किलोमीटरचा लोहमार्ग १९३६ साली पुरा झाला, फाळणीत तुटला आणि १९७६ च्या अखेरीस पुन्हा जोडला गेला. चार बर्थच्या डब्यात खालचा बर्थ घ्यावा आणि उजाडताना उठून बसावे. सकाळी जो भाग खिडकीतून सरकतो तिथेच देशाची कंबर आहे आणि तिथेच युद्धात सर्वांत जास्त होरपळ झाली.

ह्वे ही न्गुयेन घराण्याची, १८०२ ते १९४५ या काळातली राजधानी. तटबंदीच्या आतले ‘जांभळे निषिद्ध नगर’ आता बहुतेक मोकळे मैदान आहे. १९४७ साली फ्रेंचांशी झालेल्या लढाईत ते जळाले आणि १९६८ च्या तेत हल्ल्यानंतर जवळजवळ महिनाभर चाललेल्या लढाईत उरलेले पडले. काही इमारती पुन्हा उभ्या केल्या आहेत, पण गवताने झाकलेल्या जोत्यांमधून चालताना जे कळते ते नव्या रंगवलेल्या दरवाज्यांत कळत नाही. राजांच्या कबरींपैकी तीनच निवडाव्यात : झाडीतली शांत मिन्ह मांगची, तळ्याकाठी कविता करत बसणाऱ्या तु डुकची, आणि काचा-चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेली खाय दिन्हची. थिएन मू मठात एक जुनी निळी ऑस्टिन मोटार उभी आहे. ११ जून १९६३ रोजी थिच क्वांग डुक हे भिक्खू तिच्यातून सायगॉनच्या चौकात आले, उतरले आणि बौद्धांवरील जुलमाच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःला पेटवून घेतले. मोटारीमागे त्या क्षणाचे छायाचित्र आहे.

ह्वेहून एक दिवस उत्तरेला बेन हाय नदीवर जावे. सतरावा अक्षांश इथला. देश तोडणारी सीमा या नदीवरून जात होती, आणि १९५४ च्या करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. बरोबर पोलंड आणि कॅनडा. आपल्या देशाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे तो असा, हे इथे येणाऱ्या भारतीयांना क्वचितच ठाऊक असते. जवळच विन्ह मोकची भुयारे आहेत. सायगॉनजवळची कू ची भुयारे प्रसिद्ध आहेत, पण ती मुख्यतः लढणाऱ्यांची. विन्ह मोकमध्ये बॉम्बवर्षावातून वाचण्यासाठी अख्खे गाव वर्षानुवर्षे जमिनीखाली राहिले. तीन पातळ्या, विहीर, प्रत्येक कुटुंबाला भिंतीत कोरलेला एक कोनाडा, आणि बाळंतिणीची खोली, जिथे सतरा मुले जन्मली. दुसऱ्या टोकाला भुयार थेट समुद्रावर उघडते. एकच युद्धस्थळ पाहायला वेळ असेल तर हेच पाहावे.

ह्वेचे खाणे दोन टोकांचे आहे. राजवाड्याच्या परंपरेतून आलेले बान्ह बेओ म्हणजे इवल्या बशीत वाफवलेली तांदळाची पातळ चकती, वर सुक्या कोळंबीचा चुरा. दहा बशा समोर आल्या तरी पोट भरत नाही. दुसऱ्या टोकाला कोम हेन : गार भातावर हुओंग नदीतल्या बारीक तिसऱ्या, केळफूल, शेंगदाणे, मिरची आणि कोळंबीची आंबवलेली पेस्ट. कोकणातल्या माणसाला हा गरिबांचा पदार्थ पहिल्या घासातच आपला वाटेल. बुन बो ह्वे हा गवती चहाच्या वासाचा लालभडक रस्सा. व्हिएतनामी जेवण फिके असते असे म्हणणाऱ्यांनी तो अजून चाखलेला नसतो.

ह्वे ते दा नांग हा शंभर किलोमीटरचा टप्पा पुन्हा आगगाडीनेच करावा, दिवसा, आणि डाव्या बाजूच्या खिडकीशी. हाय वान घाटात रूळ डोंगराच्या कड्यावरून जातात आणि खाली समुद्र असतो. दा नांगमध्ये चाम शिल्पांचे संग्रहालय चुकवू नये. फ्रेंचांनी १९१९ साली उघडलेल्या या इमारतीत चंपाची शिल्पे एकत्र आहेत. आधी हे पाहावे, मग मी सन, कारण देवळांतल्या मूर्ती इथे आहेत. शिव, गणपती, गरुड ओळखीचे वाटतात आणि लगेच अनोळखीही, कारण ओठ, नाक, बसण्याची ढब सगळे चाम आहे.

मी सन होई आनपासून चाळीस किलोमीटरवर आहे. पहाटे निघावे, नऊ वाजता बस येऊ लागतात आणि दरीत हवा कोंडते. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मन याने इथे भद्रेश्वराची स्थापना केली. राजाचे नाव आणि ईश्वर जोडून देवाला नाव द्यायची ही चाल. ते लाकडी देऊळ जळाले; सातव्या शतकात शंभुवर्मनने ते विटांत बांधले आणि देव शंभुभद्रेश्वर झाला. भिंतीजवळ वाकून पाहा. विटांच्या सांध्यांत चुना दिसत नाही. वीट विटेवर घासून बसवलेली, आणि आकृत्या विटा रचल्यावर भिंतीवरच कोरलेल्या. जुन्या विटा तांबूस आणि कोरड्या असतात, तर विसाव्या शतकातल्या दुरुस्तीच्या काही विटांवर शेवाळ चढते. या विटा कशा भाजल्या आणि कशाने चिकटवल्या यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

इथले सर्वांत भव्य देऊळ, ज्याला अभ्यासकांनी ए-१ नाव दिले, ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत पडले. आवारात बॉम्बचे गोल खड्डे आहेत, आता गवताने भरलेले. उरलेली देवळे टिकली त्यात पोलिश वास्तुतज्ज्ञ काझिमिएझ क्वियात्कोव्स्की यांचा मोठा वाटा. १९८० च्या दशकात, जंगलात जिवंत सुरुंग असताना, ते इथे राहून काम करत होते. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काही समूहांची डागडुजी केली. २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातले वालुकाश्माचे अखंड शिवलिंग सापडले.

मी सन पाहून चाम लोक संपले असे समजू नये. आणखी दक्षिणेला फान रांगच्या परिसरात हिंदू चाम आजही आहेत. तिथल्या पो क्लोंग गराय मंदिरात शरद ऋतूत काते उत्सव भरतो, देवाला वस्त्रे चढवली जातात. दक्षिणेकडे जाणारी आगगाडी तिथल्या थाप चाम स्थानकावर थांबते. हातात दोन दिवस अधिक असतील तर समुद्रकिनाऱ्याच्या हॉटेलात घालवण्यापेक्षा इथे उतरावे.

होई आन सुंदर आहे आणि संध्याकाळी गर्दीने असह्य होते. सकाळी सहाला बाहेर पडले तर पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकातले बंदर कसे होते ते दिसते : चिनी व्यापाऱ्यांची सभागृहे, जपानी पूल, नदीकडे उघडणारी गुदामे. दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या भागात आकाशकंदील लावतात; तारीख जुळली तर पाहावे. इथला काव लाव म्हणजे राखेच्या क्षारयुक्त पाण्यात भिजवलेल्या तांदळाच्या जाड, चिवट शेवया. पाणी बा ले नावाच्या जुन्या विहिरीचेच हवे असा होई आनकरांचा आग्रह. बान्ह सेओ म्हणजे तांदळाच्या पिठाचे हळद घातलेले कुरकुरीत धिरडेच, फक्त ते पालेभाज्यांसह पानात गुंडाळून बुडवून खायचे.

होई आननंतर दा नांगहून विमानाने सायगॉनला जावे. १९७६ पासून शहराचे अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी असले तरी मधल्या वस्तीला लोक सायगॉनच म्हणतात. ३० एप्रिल १९७५ रोजी ज्या फाटकातून रणगाडे आत घुसले तो राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा त्या दिवशी होता तसा ठेवला आहे. युद्धस्मृती संग्रहालयात युद्धात मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांची चित्रे आहेत, दोन्ही बाजूंच्या. एजंट ऑरेंज या विषारी रसायनाच्या दालनात लहान मुलांना नेऊ नये. हे संग्रहालय सरकारी आहे आणि विजेत्याची बाजू सांगते. दक्षिणेत ज्यांनी सारे गमावले, जे होड्यांतून देश सोडून गेले, त्यांची बाजू तिथे नाही, ती आधी वाचून जावी. बेन थान्ह बाजाराजवळ मरिअम्मन देवीचे देऊळ आहे, तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेले. आज तिथे उदबत्ती लावणारे बहुतेक व्हिएतनामी असतात.

शाकाहारी वाचकांनी इथपर्यंत वाचून सहल रद्द करू नये. अडचण मांसाची कमी आणि माशांच्या नुओक मामची जास्त आहे. मासळी मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेला हा अर्क परतलेल्या साध्या पालेभाजीतही असतो, आणि वाढणाऱ्याला त्यात मांसाहार वाटत नाही. उपाय एकच : ‘चाय’ हा शब्द, रोमन लिपीत सी-एच-ए-वाय. तो फलकावर असेल ती खानावळ बौद्ध परंपरेतली शाकाहारी. तिथे मासळीचा अर्क नसतो, आणि काटेकोर मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही नसते, त्यामुळे जैन कुटुंबांचीही काही अंशी सोय होते. अनेक व्हिएतनामी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय जेवतात. त्या दिवशी एरवीच्या गाड्यांवरही शाकाहारी पदार्थ निघतात. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ह्वेमध्ये असाल तर तुमच्यासारखे खाणारे शहरभर असतील. कॅलेंडर पाहून तारखा तशा लावून घ्या.

एवढा सगळा बेत निवांत करायला दोन आठवडे लागतात. रजा आठवड्याचीच असेल तर टूर कंपन्यांसारखी तीन विमाने धरून तिन्ही टोकांना स्पर्श करत धावू नका. हनोई आणि सायगॉन दोन्ही सोडून द्या. दा नांगला उतरून ह्वे, बेन हाय, चाम संग्रहालय, होई आन आणि मी सन एवढेच करा. चंपा, राजघराणे, युद्ध आणि देशातले सर्वांत चवदार जेवण या एकाच पट्ट्यात आहे.